भात्यामागची जागा

सोमवारी वाद्यसंग्रहालय बंद असायचं. आईचा आणि माझा खरा दिवस तोच.

त्या सोमवारीही आम्ही मागच्या दाराने आत शिरलो. आईने कोट काढला आणि नेहमीच्या खुंटीवर अडकवला. खुंटी खरं तर व्हायोलिनसाठी होती, पण व्हायोलिन कधीच तिथून हलवलं होतं आणि जागेवर आईच्या कोटाने हक्क सांगितला होता. सुतारकाकांनी पडदे अर्धेच सरकवले होते. जुन्या लाकडाला उघडं ऊन सोसत नाही. दालनभर दुधाळ उजेड पसरला होता आणि त्यात वाद्यं रात्रभर गप्पा मारून नुकतीच झोपल्यासारखी उभी होती.

सुतारकाका म्हणजे संग्रहालयाचे दुरुस्तीवाले. त्यांनी जन्मात एक पाटही केलेला नाही, पण कोटाच्या खिशातून कायम पटाशी डोकावते, म्हणून सगळे त्यांना सुतारकाका म्हणतात.

"आल्या का मायलेकी?" ते शिडीवरून म्हणाले. "आज वीणांना आधी उठवा बुवा. परवापासून रुसल्यात."

सोमवारचं काम वाद्यांना उठवण्याचं. काचेबाहेरचं प्रत्येक वाद्य आठवड्यातून एकदा थोडं तरी वाजलं पाहिजे, नाहीतर ते आतून मुकं होत जातं. तारा सुटतात, लाकूड आखडतं, नळ्यांत धूळ घर करते. संग्रहालयाचा नियम सोपा होता. ज्या वाद्याला वाजवणारं माणूस आहे ते बाहेर, मोकळ्यावर. माणूस संपलं की वाद्य काचेत. 'काचेत जाणं' हा तिथल्या माणसांच्या बोलण्यातलाच प्रकार झाला होता. दारावरचे पहारेकरी निवृत्तीबद्दल सांगताना म्हणायचे, "पुढच्या वर्षी मी काचेत."

आईचं वाद्य म्हणजे कोपऱ्यातला जुना ऑर्गन. भल्या मोठ्या कपाटाएवढा. समोरून पट्ट्या आणि त्यांच्यावर उभ्या नळ्यांची रांग, लहानमोठ्या भावंडांचा फोटो काढायला उभं केल्यासारखी. मागून मात्र नुसतं लाकूड, चामड्याचा भाता आणि त्याचा लांब दांडा. या ऑर्गनला दोन माणसं लागतात. एकाने समोर बसून वाजवायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून भाता मारायचा. दोघांनी एकमेकांना बघायची सोय नाही. त्याला मोटर लावायची नाही, असा जुना ठराव होता. शनिवारच्या वर्गासाठी आई शिकवायची तो छोटा ऑर्गन वेगळा, मोटरवर चालणारा, वरच्या मजल्यावर.

मी मागे गेले. भात्याला एक दोरी आहे, दोरीला शिशाचा गोळा. भाता भरला की गोळा खाली येतो, रिकामा झाला की वर चढतो. भाता मारणाऱ्याने बघायचं ते एवढंच.

"वारा?" आई समोरून म्हणाली.

"भरतेय."

"वारा?"

"अगं, भरतेय म्हटलं ना!"

"दिवसेंदिवस मंद होत चाललीयस."

"आणि तू चुका वाढवत चाललीयस."

"त्या चुका नाहीत. अलंकार आहेत."

शिडीवरून सुतारकाका खोकल्यासारखं हसले. मग आईने 'जिना' सुरू केला.

त्या रचनेला मूळ नाव काय होतं कोण जाणे. आमच्याकडे ती 'जिना'च. ती खालून सुरू होते आणि पायरी पायरी वर चढत जाते, दर पायरीला एक नळी जास्त, दर नळीला थोडा वारा जास्त. मला 'जिना' पट्ट्यांवर वाजवता येत नाही. मला तो दांड्यावर येतो. कुठे तो हावरटासारखा वारा पितो, कुठे नुसता ओठ लावतो, कुठे मी दांडा दोनदा लगोलग दाबला नाही तर वरच्या नळ्या रडक्या होतात, हे माझ्या खांद्यांना पाठ आहे. डोळ्यांसमोर लाकडाच्या रेषा आणि एक गाठ, गाठीतून येणारी उजेडाची सुई. भाता उघडमीट करतो तशी त्या सुईत धूळ वर-खाली होते. लहानपणी मला वाटायचं, आपण एका मोठ्या झोपलेल्या जनावराच्या बरगड्यांत उभे आहोत आणि बाहेर जे ऐकू येतंय ते त्याला पडलेलं स्वप्न आहे.

शेजारच्या दालनात एक मोठी हार्प आहे. ऑर्गन वाजला की कुणी हात न लावता तिच्या काही तारा गुणगुणतात. आई त्याला 'शेजारणीचं नाक खुपसणं' म्हणायची.

जिना जिथे सगळ्यात उंच जातो तिथे, शेवटच्या चढाच्या आधी, एक विसावा आहे. सगळ्या पट्ट्यांवरून हात उचलले जातात. सगळं थांबतं. मी त्या जागेला मनात 'वळण' म्हणायचे. वळणावर मी दांडा सोडून हात खाली टाकायचे, बोटं झटकायचे. तेवढ्यात शेजारच्या दालनात हार्प एकटीच गुणगुणत राहायची. मग मी दोन दमदार हात मारून भाता भरायचे, आणि आई शेवटच्या पायऱ्या चढायची.

या वळणावर माझा फार जीव. मी पुस्तकांची संपादनं करून पोट भरते आणि वाचनाचा नाद मोठा, त्यामुळे गेल्या हिवाळ्यात मी संग्रहालयाच्या वार्षिकासाठी त्या विसाव्यावर एक लेखही लिहिला होता. ज्या कुणी अज्ञात माणसाने ही रचना केली त्याने कधीतरी स्वतः भाता मारला असणार. एरवी मागच्या माणसाची अशी आठवण कोण ठेवतं, वगैरे. शांतता हा सुद्धा एक स्वर कसा असतो, हेही त्यात होतं. आईने लेख वाचला होता आणि वाचता वाचता इतकी हसली होती की डोळे पुसायला चष्मा काढावा लागला.

"काय झालं हसायला?"

"काही नाही गं. छान लिहिलंयस. फारच विद्वान झालीस."

त्या सोमवारी 'जिना' संपला, शेवटचा स्वर विरला, भात्यातला उरलेला वारा सुस्कारत बाहेर गेला. गोळा हळूहळू वर चढला. आणि लाकडापलीकडून आईचा आवाज आला, तसा तो प्रत्येक वेळी यायचाच.

"दमलीस का?"

"नाही."

"हं," आई म्हणाली. हेही दर वेळचंच.

मग आम्ही वीणांना उठवलं, मृदंगाला थोपटलं, थर्मासमधला चहा प्यालो. आईने शनिवारच्या कार्यशाळेसाठी पुठ्ठ्याच्या नळ्या कापल्या. कार्यशाळेत लहानमोठे सगळे आधी पुठ्ठ्याची शिट्टी करायचे, मग खाली येऊन मोठ्या ऑर्गनचा भाता चार-दोन हात मारून बघायचे, आणि मगच त्यांना पट्ट्यांना हात लावता यायचा. आधी वारा, मग सूर, हा आईचा शिरस्ता. आणि दुसरा शिरस्ता असा की वाजवून झालं की लोकांकडे वळून मान झुकवण्याआधी मागच्या माणसाला विचारायचं, दमलास का म्हणून.

निघताना ऊन चढलं होतं, म्हणून आईने कोट खुंटीवरच राहू दिला. कोपऱ्यावर आम्ही आपापल्या घरच्या वाटेला लागलो. थोडं पुढे जाऊन ती वळली आणि रस्त्यापलीकडून ओरडली, "उद्या येताना लिंबं आण. मोठी नकोत, रसाची बघून आण. तुला कळत नाही, म्हणून सांगतेय."

मंगळवारी सकाळी तिने चहाचं आधण ठेवलं आणि खुर्चीत बसली. मी लिंबं घेऊन पोचले तेव्हा पाणी आटून भांडं करपलं होतं आणि ती खुर्चीतच होती.

लिंबं रसाची निघाली.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मला फारसं आठवत नाही. जे आठवतं ते काचेपलीकडून बघितल्यासारखं. माणसं येत होती, बसत होती, उठत होती. मावशी डबे भरभरून आणायची आणि मी डबे धुऊन परत द्यायचे. प्रत्येक जण म्हणायचा, "दमली असशील, पड जरा." मी म्हणायचे, नाही. नाही हो, ठीक आहे. नाही गं मावशी. हा शब्द माझ्या तोंडात फार आधीपासून बसलेला होता.

वडील होते तोवर भाता ते मारायचे. मी दहा वर्षांची असताना ते गेले, आणि काही आठवड्यांनी तेव्हाच्या संचालकांनी आईला सांगितलं की वाजवणारी आहे, पण वारा देणारं कुणी नाही, तेव्हा ऑर्गन काचेत ठेवावा लागेल. मी आईचा हात धरून उभी होते. तिने नुसती मान हलवली, दुकानदाराने एखादी वस्तू संपली म्हटल्यावर हलवावी तशी. मी म्हणाले, मी मारते भाता. सगळे हसले. सुतारकाका तेवढे हसले नाहीत. त्यांनी खोकं आणून दिलं, कारण माझा हात दांड्यापर्यंत पोचत नव्हता.

पहिल्या दिवशी 'जिना' संपला तेव्हा माझे खांदे पेटले होते. पलीकडून आईने विचारलं, दमलीस का. हो म्हटलं असतं तर तिने तिथेच झाकण लावलं असतं, हे मला खोक्यावर उभ्या उभ्या पक्कं कळलं होतं. मी म्हणाले, नाही. मग तेच उत्तर पडलं. पुढे खोकं गेलं, मी उंच झाले, माझे केस पांढरे व्हायला लागले, पण उत्तर तेच.

संचालकबाईंनी मला बोलावलं तेव्हा त्यांना खरोखर अवघड वाटत होतं. नवीन होत्या, तरुण होत्या, आईच्या वर्गात शिट्टी करायला बसल्या होत्या.

"तुम्हाला इतक्यात विचारणं बरं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण पुढच्या रविवारी वार्षिक वादन आहे. तुमच्या आईंचा 'जिना' ठरलेला होता. वर्गातल्या कुणी तो जर पूर्ण वाजवला, मध्ये न मोडता, तर ऑर्गन बाहेर राहील. मंडळाकडून तेवढं कबूल करून घेतलंय मी. नाहीतर सोमवारी काचवाला मापं घ्यायला येईल."

"कोण वाजवेल?"

"डेंटिस्टबाई म्हणाल्या, प्रयत्न करते."

डेंटिस्टबाई आईच्या सगळ्यात जुन्या शिष्या. दिवसभर लोकांच्या तोंडात बघून कंटाळतात, म्हणून शनिवारी नळ्यांच्या तोंडात बघायला येतात, असं त्या स्वतःच म्हणायच्या. बोटं हलकी आणि नेमकी. मोठ्या ऑर्गनवर त्या क्वचितच बसलेल्या, कारण तो आईचा.

सरावाला मी गेले तेव्हा खुंटीवर आईचा कोट तसाच होता. तो काढायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं, माझ्याही आलं नाही. मी मागे जाऊन दांडा धरला. मधल्या आठवड्यांत ऑर्गनला कुणी उठवलं नव्हतं. पहिला वारा भरला तेव्हा चामडं कुरकुरलं आणि गाठीतून धुळीचा ढग आत आला.

"वारा?" अनोळखी आवाज म्हणाला.

"भरतेय," मी म्हणाले, आणि दांडा आणखी एकदा दाबला.

डेंटिस्टबाई छान वाजवत होत्या. पायरी पायरी जिना चढत होता आणि मी डोळे मिटून दांडा मारत होते. खांद्यांना समोर कोण बसलंय ते ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त जिना ठाऊक होता, आणि जिना तोच होता. शेजारणीने नाक खुपसलं. ऊन गाठीतून माझ्या मनगटावर आलं. काही वेळ मी खरंच समजून चालले की मधले आठवडे झालेच नाहीत, मी लिंबं घ्यायला अजून जायचीय. वळण आलं. मी दांडा सोडला, हात खाली टाकले, बोटं झटकली.

आणि पलीकडे वाजणं चालूच राहिलं.

गोळा सरसर वर गेला. वरच्या नळ्या एकेक करून घसरल्या, एखाद्याने वाक्य बोलता बोलता पायरी चुकावी तशा. सगळा ऑर्गन हंबरल्यासारखा आवाज करून बसला.

"अहो, थांबा ना तिथे!" मी ओरडले.

"कुठे?"

"वळणावर."

"कुठलं वळण?"

मी बाहेर आले. डेंटिस्टबाई गोंधळून पट्ट्यांकडे बघत होत्या. मी त्यांना सांगितलं, इथे, शेवटच्या चढाच्या आधी, सगळे हात उचलायचे, विसावा आहे.

"इथे?" त्या म्हणाल्या. "छे हो. इथे थांबायची तर आम्हाला बंदी होती. वर्गात एकदा मी दम खायला थांबले, तर केवढ्या करवादल्या! म्हणे, काय झालं, बस यायचीये का तुमची? एका दमात वर जायचं, मध्ये श्वास घेतला तर जिना मोडला म्हणून समजा."

"पण ती स्वतः थांबायची. दर वेळी."

"वर तर कधीच नाही थांबल्या. वाजवून दाखवायच्या तेव्हाही."

वर मोटरचा ऑर्गन होता. मी सुतारकाकांकडे बघितलं. ते खिडकीपाशी एका बासरीला तेल लावत होते आणि मान वर करत नव्हते.

"काका?"

"मी आपलं समजत होतो, तुला माहीत असेल."

"काय माहीत असेल?"

त्यांनी बासरी कापडावर ठेवली. "तुझे वडील भाता मारायचे तेव्हा ते थांबणं नव्हतं. तू आलीस, तेव्हापासून आलं."

डेंटिस्टबाईंनी मांडीवरचे हात एकमेकांत गुंतवले.

"मग मी मोठी झाल्यावर?" मी विचारलं. "मग का ठेवलं तिने?"

"ते मला काय ठाऊक? मी एकदा म्हटलं तिला, अगं, पोरगी आता घोड्याएवढी झाली, वाजव की सरळ. तर म्हणाली, विचारलं की नाही म्हणते. विचारण्यात काही अर्थ नाही. म्हणून थांबते." ते परत बासरीकडे वळले. "आणि तो लेख लिहिलास तेव्हा इथे बसून हसली पोट धरून. म्हणाली, मला हिने अज्ञात पुरुष करून टाकलं."

मला हसू आलं. त्या आठवड्यांतलं पहिलंच. ते कुठे संपलं आणि दुसरं काय सुरू झालं, ते सांगता येणार नाही.

डेंटिस्टबाईंनी हलकेच विचारलं, "रविवारी मी थांबू का तिथे?"

"नको," मी म्हणाले. "आहे तसा वाजवा. मी भरेन."

त्या आठवड्यात आम्ही रोज सराव केला, एका दमात, वळणाशिवाय. जमत होतं, पण काठावर. शेवटच्या चढाला गोळा वरच्या लाल रेघेला टेकायचा, आणि रेघ ओलांडली की नळ्या गेल्याच. सुतारकाका चामड्याला तेल लावून म्हणायचे, "भाता म्हातारा झालाय, तूही काही लहान नाहीस." रात्री खांदे दुखायचे. मावशीने विचारलं तर मी म्हणायचे, नाही.

रविवारी दालन भरलं. मला कोण आलंय ते दिसलं नाही. मागून लोक म्हणजे खुर्च्यांची करकर आणि खोकले. वर्गातली माणसं होती, शिट्टीवाली मुलं होती, मंडळाची माणसंही असणार. संचालकबाईंनी आईबद्दल थोडंसं बोलून आवरतं घेतलं. मग शांतता पसरली, आणि लाकडापलीकडून कुजबुज आली.

"वारा?"

"भरलाय."

'जिना' सुरू झाला. मी गोळ्यावरची नजर काढली नाही. पहिल्या पायऱ्या, मग मधल्या, मग ती जागा जिथे तो हावरटासारखा पितो. दोन हात लगोलग. भाता जोराने श्वास घेत होता, मीही घेत होते, आणि कुणाचा कुठला ते वेगळं काढता येत नव्हतं. भरल्या दालनात ऑर्गन वेगळाच वाजतो, माणसांच्या कपड्यांतून गाळून आल्यासारखा मऊ. गाठीतल्या उजेडात धूळ वर चढत होती, खाली येत होती. गोळा रेघेकडे सरकायला लागला. वळण जवळ येत होतं आणि मी थांबायचं नाही म्हणून दात आवळून दांड्याला बिलगले.

आणि पलीकडे हात उचलले गेले.

मी एक हात उगाचच मारला, मग मला कळलं. सगळं थांबलं होतं. दालनात कुणी खोकलंसुद्धा नाही. शेजारच्या खोलीत हार्प एकटीच गुणगुणत होती, आपल्याशीच, उशीर झाला तरी न उठणाऱ्या माणसासारखी. मी दांडा सोडला. हात खाली टाकले. बोटं झटकली. माझ्यासाठी एवढी सगळी माणसं श्वास धरून बसली होती आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं माझ्यासाठी कोणीतरी असं थांबत होतं आणि मला ते ठाऊक नव्हतं.

मग दोन दमदार हात. गोळा खाली आला, चांगला खाली. शेवटच्या पायऱ्या डेंटिस्टबाई चढल्या तेव्हा वारा पुरून उरला, आणि सगळ्यात वरचा स्वर न डगमगता उभा राहिला, हवा तेवढा वेळ. आता सोमवारी काचवाला येणार नव्हता.

स्वर विरला. भात्यातला उरलेला वारा सुस्कारत बाहेर पडला. गोळा हळूहळू वर चढला. टाळ्या अजून सुरू व्हायच्या होत्या. ज्याला आईने शिकवलंय ते माणूस आधी मागे विचारतं. लाकडातून येणारा आवाज कुणाचा आहे ते मागच्या बाजूला नीटसं कळत नाही. तो कुणाचाही असू शकतो.

"दमलीस का?" आवाज म्हणाला.

माझ्या तोंडात जुना शब्द तयार होता. मी कपाळ लाकडाला टेकवलं. लाकूड अजून ऊबदार होतं, आतून थरथरत होतं.

"हो," मी म्हणाले. "दमले गं आई. फार दमले."